मागून लावलंय

टीव्ही बघताना गायकवाड सिस्टर खुर्चीत मागे टेकून बसल्याचं मला आठवत नाही. पुढे झुकलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दवाखान्यात एखादा पेशंट ‘सिस्टर, मी कधी थेंबाला शिवत नाही’ असं सांगत असतो आणि त्याच्या तोंडाचा वास खोलीभर पसरलेला असतो, तेव्हा नर्स त्याच्याकडे जशी बघते तशा त्या टीव्हीकडे बघायच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात झालेली. त्या नोकरीचं सार त्यांनी एका दमात सांगून ठेवलं होतं.

“पेशंट खोटं बोलतो. नातेवाईक त्याच्याहून खोटं बोलतो. थर्मामीटर तेवढं खरं बोलतं, तेबी नीट झटकून लावलं तर.”

मी विमा कंपनीच्या कचेरीत बदली होऊन लातूरला आलो, तेव्हा आम्हाला औसा रोडच्या मागच्या एका गल्लीत खोल्या मिळाल्या. शेजारचं घर सिस्टरांचं. नवरा शिक्षक होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी संध्या लग्न होऊन नांदेडला. सिस्टर मूळच्या नायगावकडच्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या घरातल्या आणि त्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्याच. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा इथल्या दवाखान्यात माणसं कमी पडली म्हणून त्यांची बदली इकडे झाली. त्या नव्या जिल्ह्यावरही त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला होता. “सकाळी ड्यूटीवर गेले, तर गेटवर जिल्हा म्हणून नवा बोर्ड लावून राहिले. आत गेले तर खाटा तेवढ्याच, पेशंट तेच, आन कापूस बी न्हाई. मी म्हणलं, जिल्हा बोर्डाला झालाय, आपल्याला व्हायचाय अजून.”

घरोघरी टीव्ही होते. तरी शनिवार-रविवारी गाण्याची स्पर्धा लागली की गल्लीतल्या बायका आपापले टीव्ही बंद करून सिस्टरांकडे यायच्या. टीव्ही त्यांच्याकडेही होताच, पण टीव्ही बघणाऱ्या सिस्टर नव्हत्या. माझी बायको वैशाली पहिल्या आठवड्यात सहज म्हणून गेली आणि नंतर कधी चुकली नाही. मीही दारापाशी स्टूल टाकून बसायला लागलो.

जाहिरात लागली की इतर घरांत लोक उठून चहा ठेवतात. सिस्टरांकडे जाहिरात लागली की उठलेली माणसं परत येऊन बसायची.

“आरं, डाग लावला कोण? ह्यांनीच. काढला कोण? ह्यांनीच. मधी ती बाई हासून राहिली. आमच्या समोरच्या अशोकचं ग्रीसनं भरलेलं शर्ट दे म्हणावं तिला, मंग बघू किती हासती.”

दात पांढरे करणाऱ्या डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप त्यांना खटकायचा. त्या माझ्याकडे वळायच्या. “दाताला स्टेथोस्कोप कशाला लागतो रे गजानन? दात धडधडतो का?” बर्फाच्या डोंगरावर पातळ साडीत नाचणारी गाण्यातली बाई दिसली की त्या जवळ जाऊन तिचे दंड बघायच्या. “अंगावर काटा बी न्हाई. एक तर बर्फ खोटा हाय, न्हाईतर बाई.”

गोरं करणाऱ्या मलमाचं प्रकरण मी तिथं जायच्या आधीचं, पण त्याचा शेवट मला बघायला मिळाला. कुठल्याशा मलमाच्या जाहिरातीत एक सावळी मुलगी काही आठवड्यांत उजळते, तिला नोकरी लागते, बापाची मान ताठ होते. सिस्टरांनी ते मलम आणलं आणि फक्त एकाच हाताला, कोपरापासून मनगटापर्यंत, रोज लावायला सुरुवात केली. दुसरा हात तसाच. पुढे घरी येईल त्याच्यासमोर दोन्ही हात धरायच्या. “ओळख, कोणत्या हाताला लावून राहिले मी?” दूधवाला, मीटर बघणारा, संध्याचे सासरे, कुणालाच नीट सांगता येईना. मला विचारलं तेव्हा मी डावा म्हणालो.

“उजवा,” त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून, “पण तू डावा म्हणलास ते बी एक हायच. कदाचित न लावलेलाच उजळून राहिला असंल.”

हे सगळं हसण्यावारी जायचं. गाण्याच्या स्पर्धेवर मात्र त्या हसत नसत. गाणं त्यांना मनापासून आवडायचं. माहेरी जयंतीला रात्र-रात्र गाणी चालायची, त्यांचा थोरला भाऊ पेटीवर असायचा. त्यामुळे टीव्हीवर कुणी गायला लागलं की त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर नसायची, गळ्याखाली असायची. छाती कधी वर होते, श्वास कुठे घेतला जातो, हे त्या बघत राहायच्या. आणि मधेच, सगळी खोली त्या गाण्यात बुडालेली असताना, म्हणायच्या, “मागून लावलंय.”

म्हणजे हा आवाज आता गळ्यातून येत नाही, आधी भरून ठेवलेला आहे, पोरगं नुसतं तोंड हलवतंय. “एवढी लांब तान घेतली आन बरगडी हलली न्हाई. मेलेल्या माणसाचं बी एवढं स्थिर ऱ्हात न्हाई.” परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, डोळे पुसायला लागले, की त्या मान हलवायच्या. “रुमाल आधीपासून हातात होता बघ. ह्याला म्हाईत होतं रडू येनार म्हणून.” हळूहळू ‘मागून लावलंय’ हे आमच्या गल्लीचंच वाक्य झालं. पोरीला बघायला आलेला मुलगा फार गोड बोलला, मागून लावलंय. नगरसेवक येऊन पाण्याचं आश्वासन देऊन गेला, मागून लावलंय.

ते वर्ष पाण्याचंच होतं, म्हणजे पाणी नसल्याचं. धरण तळाला गेलं, नळ कोरडे पडले, गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि तोही येईल तेव्हा खरा. शेवटी लातूरला रेल्वेनं पाणी येणार अशी बातमी आली. टीव्हीवर पांढऱ्या टाक्यांची लांब गाडी दिसायला लागली. सगळी गल्ली आनंदली. सिस्टर पुढे झुकून बघत राहिल्या.

“ही गाडी कुठली हाय कोण जाणे. तेलाची बी अशीच असती.”

“सिस्टर, अहो सगळे चॅनेल दाखवतायत,” वैशाली म्हणाली.

“म्हणून तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. रुळांच्या बाजूला गर्दी, पोलीस, कॅमेरे. जवळ सोडत नव्हते. सिस्टर गुडघ्यावर हात ठेवत ठेवत बाजूच्या उतारावरून अशा एका ठिकाणी गेल्या की तिथून टाकीच्या खालचा भाग दिसत होता. जोडाच्या जागी पाणी ठिबकत होतं, खाली खडी ओली झाली होती. पोलीस ओरडला तोवर त्यांनी हात पुढे करून तळव्यावर थेंब घेतले, वास घेतला, जिभेला लावला. मग माझ्याकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, “हाय. पाणीच हाय.” ओला तळवा त्यांनी पुसला नाही, मूठ मिटून घेतली. परत येताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी मागून विचारलं, “पण आपल्या गल्लीपतुर येईल का रे?”

याच दिवसांत प्रणिताची निवड झाली.

प्रणिता म्हणजे समोरच्या अशोकची मुलगी. अशोक डाळमिलमध्ये फिटर, बायको सुनंदा शिवणकाम करायची. प्रणिता कॉलेजला होती आणि जयंतीला, लग्नाकार्यात गायची. आवाज मोकळा, खालच्या सुरात किंचित खरखरीत. गल्लीत सगळे तिचं कौतुक करायचे. सिस्टर कधीच करत नसत. ती गाऊन थांबली की ‘दुसऱ्या कडव्यात दम संपला तुझा’ एवढंच सांगायच्या, आणि ती पोरगीही सगळ्यांची वाहवा ऐकून शेवटी सिस्टर काय म्हणतात यासाठी थांबायची. औरंगाबादला जाऊन तिनं चाचणी दिली, मग मुंबईला बोलावणं आलं आणि टीव्हीवरच्या त्या मोठ्या स्पर्धेत ती निवडली गेली. गल्लीत पेढे वाटले. सिस्टरांनी पेढा हातात धरून प्रणिताला विचारलं, “काय काय लिहून घेतलं त्यांनी तुझ्याकडून?”

“घरची माहिती, सिस्टर. अडचणी काय काय हायत ते.”

“अडचणी? गाण्याच्या?”

“न्हाई. घरच्या.”

सिस्टरांनी पेढा तसाच वाटीत ठेवला.

पंधरवड्यानं मुंबईहून शूटिंगवाले आले. स्पर्धकाच्या घरची गोष्ट गाण्याआधी दाखवतात, ती टिपायला. मी त्या दिवशी रजा काढली होती, कारण गल्लीतून कचेरीला जाणं शक्यच नव्हतं, इतकी गर्दी. त्यांचा मुख्य एक तरुण मुलगा होता, करण नावाचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला. वाईट नव्हता. सगळ्यांशी अदबीनं बोलत होता, सुनंदाला ‘काकू’ म्हणत होता. पण त्याच्या डोक्यात गोष्ट आधीच तयार होती, आणि आमची गल्ली त्या गोष्टीत नीट बसत नव्हती. सुनंदाच्या घरात फ्रिज होता. त्यावर चादर टाकली. भिंतीला मागच्या दिवाळीत दिलेला गुलाबी रंग जरा जास्तच ताजा होता, त्यावर कुठून तरी आणलेली गोणपाटं टांगली. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, म्हणून बायकांना रिकामे हंडे घेऊन उन्हात रांगेत उभं केलं.

“नुसतं उभं राहायचं, काकू. टँकर येतोय असं बघायचं.”

“कुठून येतोय?” एकीनं विचारलं.

“त्या झाडाकडून.”

सगळ्या बायका झाडाकडे बघायला लागल्या. कुणी तक्रार केली नाही. आपली पोरगी टीव्हीवर जायची म्हटल्यावर झाडाकडे बघायला काय जातंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही.

शेजाऱ्यांचं बोलणं घ्यायचं म्हणून करण सिस्टरांकडे आला. त्यानं समजावलं, ‘ही मुलगी उपाशी राहून रियाज करायची’ असं काही सांगा.

“उपाशी?” सिस्टर म्हणाल्या. “ही पोरगी माझ्या घरी पोहे दोनदा घेती.”

प्रणिता लाजून हसली. करणही हसला आणि दुसऱ्या बाईकडे गेला. तिथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं.

मग घरातला शॉट लावायला घेतला. आई शिवणयंत्रावर बसलेली, प्रणिता खाली बसून गाते आहे. सिस्टर दारात खुर्ची टाकून बघत होत्या. यंत्राच्या मागची भिंत रिकामी होती. गुलाबी रंगात दोन फिकट चौकोन उमटले होते. त्या घरात शिरलं की पहिल्यांदा दिसायच्या त्या दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक निळ्या सुटातली, जाड चष्म्याची, जिला रोज सकाळी हात जोडल्याशिवाय सुनंदा चूल पेटवत नसे. त्या जागेवर नव्हत्या.

सिस्टर उठल्या. “भिंतीवरचा बाप कुठं गेला?”

करण पुढे झाला. “मॅडम, तात्पुरतं काढलंय. लाइट पडला की काचेवर रिफ्लेक्शन येतं. कॅमेऱ्यात चमकतं.”

“अस्सं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी अशोककडे बघितलं. “कुठं ठिवलाय रे?”

अशोकनं खाटेखाली हात घालून, चादरीत गुंडाळलेल्या दोन्ही तसबिरी काढल्या. सिस्टरांनी चादर उलगडली आणि तसबीर करणच्या समोर धरली.

“ह्याला काच कुठाय?”

नव्हतीच. मागच्या पावसाळ्यात पडून काच फुटली होती, तेव्हापासून नुसती चौकट होती आणि आत मळकट कागद. करणनं तसबिरीकडे बघितलं, मग कॅमेरावाल्याकडे. त्याचा चेहरा पडला. “मॅडम, मला वरून सांगितलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “कार्यक्रम सगळ्यांसाठी असतो. असं काही दिसलं की मग…”

“असं काही म्हंजी?”

अशोक मधे पडला. “सिस्टर, जाऊ द्या ना. थोड्या येळचं काम हाय. लगेच लावणार हाव परत.”

“तुला ठाऊक होतं?”

“पोरीच्या आयुष्याचं हाय हो! तुम्हाला काय जातं? तुमची पोरगी लागली मार्गाला.”

अशोक मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. सगळी गल्ली दारात उभी होती. सिस्टरांच्या हातात तसबीर तशीच. मग प्रणिता उठली. तिनं सिस्टरांच्या हातातून तसबीर घेतली, स्टुलावर चढली आणि आधी ती, मग दुसरी, खिळ्याला अडकवली. खाली उतरून तिनं हात पुसले आणि सिस्टरांकडे न बघता म्हणाली, “सिस्टर, आता तुम्ही घरी जा.”

करण फोन घेऊन बाहेर गेला. बराच वेळ बोलून आला आणि म्हणाला, घरातलं राहू दे, बाहेरच काय ते करू. मग अशोकला बाजूला घेऊन, “एपिसोडमध्ये किती ठेवतील ते मात्र आता माझ्या हातात नाही.” ते सुनंदानं ऐकलं. सकाळपासून तिला तीनदा रडायला सांगितलं होतं आणि तीनदा तिला हसू आलं होतं. आता ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून रडायला लागली. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला आणि ते टिपायला लागला. आपल्या दारापर्यंत गेलेल्या सिस्टर वळल्या. “ए, बंद कर ते!” पण गुडघ्यामुळे त्यांना पायऱ्या उतरायला वेळ लागला. तोवर कॅमेरावाल्याचं काम झालं होतं.

भाग लागला त्या दिवशी सिस्टरांकडे कुणी आलं नाही. मी आणि वैशाली, आम्ही दोघंच होतो. भेगाळलेली जमीन दिसली, ती आमच्या गल्लीतली नव्हती. मग हंड्यांची रांग, झाडाकडे बघणाऱ्या बायका. आणि मग सुनंदा, पायरीवर, रडताना. मागे सारंगी, आणि एक भरदार आवाज सांगत होता की घोटभर पाण्यासाठी तळमळणाऱ्या या आईच्या डोळ्यांत तेवढं पाणी शिल्लक आहे. परीक्षकांनी डोळे पुसले. देशभरातून लोकांनी पुसले असतील.

“रडणं खरं हाय,” सिस्टर म्हणाल्या. “रडण्याचं कारण तेवढं मागून लावलंय.”

थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, “आन ते कारण मी हाय.”

प्रणिता चांगली गायली. सिस्टर पुढे झुकून तिच्या गळ्याखाली बघत होत्या आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. संपल्यावर मला म्हणाल्या, “ते मत कसं देतात ते दाव बरं मोबाइलमधी.”

मी चकित झालो. मतांचं सगळं खोटं असतं, निकाल आधीच ठरलेला असतो, हे त्यांनीच आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलेलं. तसं मी म्हणालोही.

“हाव, खोटंच असंल. खोटं असंल तर माझं मत वाया जाईल. पण खरं असलं आन मी दिलं न्हाई, तर पोरीचं वाया जाईल. तू दाव.”

त्या दर आठवड्याला मत देत राहिल्या. मला त्यांनी बजावलं होतं की गल्लीत सांगायचं नाही. चौथ्या भागानंतर प्रणिता बाहेर पडली. त्या दिवशी तिला एक चटकदार, उडतं गाणं दिलं होतं, तिच्या आवाजाला न शोभणारं. परीक्षक म्हणाले, तुझ्यात अजून चमक हवी. आणि गल्लीनं निकाल लावला तो असा की सिस्टरांनी त्या दिवशी खोडा घातला नसता, तर पोरगी शेवटपर्यंत गेली असती. तसं झालं होतं की नव्हतं, हे कोण सांगणार? मी एकदा सिस्टरांना समजावायला गेलो, “अहो, गाणंच चुकीचं दिलं होतं.”

“चुकीचं का दिलं ते तुला म्हाईत हाय का?”

“नाही.”

“मला बी न्हाई. मंग बोलू नको.” आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या बाईला आता स्वतःचा संशय आला होता, आणि तो तपासायला त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हतं.

आतापर्यंत टँकर आला की सिस्टरांचे दोन हंडे कुणी ना कुणी रांगेत ठेवायचं. त्यांचा गुडघा सगळ्यांना माहीत होता. कितीतरी जणींची बाळंतपणं त्यांनी केलेली. त्यानंतर ते बंद झालं. कुणी भांडलं नाही की काही बोललं नाही, हंडे तेवढे कुणी ठेवेना. वैशालीनं ठेवते म्हटलं तर त्यांनी तिला थांबवलं. “तू भरलंस तर तुझ्याशी बी बोलणं सोडतील. तुला ऱ्हायचंय हितं.” आणि त्या स्वतः काठी टेकत, एकेक हंडा ओढत, रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहायला लागल्या.

मुंबईहून परत आल्यावर प्रणिता आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. पडली ती टँकरच्या दिवशीच. मी गच्चीवरून बघत होतो. खाली ढकलाढकली, पाइपाभोवती आरडाओरडा, आणि सिस्टर शेवटी. प्रणिता घरातून आली, आईच्या हंड्यांकडे न जाता सरळ रांगेच्या शेवटी गेली आणि सिस्टरांचे दोन्ही हंडे उचलून पुढे आणून पाइपाखाली ठेवले. बायका बघत राहिल्या. आरडाओरडा थांबला. हंडा भरत आल्यावर सुनंदा, जिची पाळी होती, ती पुढे झाली आणि तिनं हंड्याचा दुसरा काठ धरला.

सिस्टर जवळ आल्या. त्यांनी प्रणिताकडे नीट निरखून बघितलं. “आवाज बसलाय का गं तुझा?”

“हाव,” प्रणिता खरंच घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर. दिवसातून चारदा.”

“पाणी कुठंय, सिस्टर?”

आधी सुनंदा हसली, मग रांगच हसली. सिस्टर हसल्या नाहीत. “ह्यातलं घे,” त्या म्हणाल्या आणि काठीनं आपल्या हंड्याकडे दाखवलं.

त्या शनिवारी प्रणिता त्यांच्याकडे बसून तिथलं सगळं सांगत होती. परीक्षकांचं चकित होणं वेगळं कसं घेतात, टाळ्या कुणाच्या इशाऱ्यावर वाजतात, एकच गाणं किती वेळा गावं लागतं. म्हणजे सिस्टर इतकी वर्षं जे म्हणत आल्या होत्या त्याची ती साक्षच देत होती. सिस्टर ते अर्धंमुर्धं ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, “जेवायला काय देत होते तिथं?”

पुढे प्रणिताला इकडेतिकडे कार्यक्रम मिळायला लागले. बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका स्थानिक माणसानं तिच्याकडून जाहिरातीचं गाणं म्हणून घेतलं, ते दिवसभर केबलवर लागायचं. गल्लीतल्या बायका पुन्हा सिस्टरांकडे जमायला लागल्या होत्या. ती जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा सगळ्यांनी सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

“आवाज चांगला लागलाय,” त्या म्हणाल्या. “पाण्याचं मला म्हाईत न्हाई.”

मग माझी बदली नांदेडला झाली. दोनेक वर्षांनी सिस्टरही संध्याकडे राहायला आल्या. गुडघे अगदीच गेले होते, ऐकूही कमी येत होतं. एका मे महिन्यात प्रणिताचा कार्यक्रम नांदेडच्या एका सभागृहात होता, दुपारचा. संध्याला जमत नव्हतं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. सभागृह निम्मंच भरलं होतं. आम्ही मागच्या बाजूला, दाराजवळ बसलो, त्यांना उठायला सोपं जावं म्हणून. निवेदकानं ‘टीव्हीवर गाजलेली’ वगैरे बरंच काही सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडे बघून ओठ मुडपले.

प्रणितानं दोन गाणी म्हटली. तिसरं सुरू झालं आणि वीज गेली. पंखे थांबले, माइक मेला, पेटीवाल्यानं हात आवरले. लोकांची चुळबूळ सुरू झाली. उघड्या दारातून जेवढा उजेड येत होता तेवढाच. प्रणिता क्षणभर थांबली, आणि मग जिथे होती तिथूनच तिनं ओळ पुन्हा उचलली, नुसत्या गळ्यावर. चुळबूळ थांबली. पण आमच्यापर्यंत आवाज पातळ होऊन येत होता. मलाच शब्द नीट लागत नव्हते, तर सिस्टरांना काय ऐकू येणार? मी त्यांना सांगायला वळलो, तर खुर्ची रिकामी.

त्या मधल्या वाटेवरून निघाल्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात एकेका खुर्चीच्या पाठीवर ठेवत. मी उठलो होतो, पण का कोण जाणे, तिथंच थांबलो. मधे एकदा त्या दम खायला थांबल्या, कुणीतरी त्यांना बसायला जागा दिली, त्यांनी हातानं नको म्हटलं आणि पुन्हा चालायला लागल्या. प्रणितानं त्यांना येताना बघितलं असावं, कारण तिनं त्या कडव्याची पहिली ओळ सोडलीच नाही, पुन्हा पुन्हा तीच घेत राहिली. पांढरी साडी अंधारात पुढे पुढे गेली, मंचाच्या कडेला पोचली आणि तिथं, वर मान करून, उभी राहिली.